सॉ मिलच्या शेजारी रंधा शेड टाकताय? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

आमच्याकडे दक्षिण रत्नागिरीत बहुतेक छोट्या सॉ मिलमधून जो माल बाहेर जातो तो करवतीचा, म्हणजे बँडसॉवरून (पट्ट्याच्या करवतीवरून) उतरलेली खरबरीत फळी. गिऱ्हाईक ती टेम्पोत टाकतो, तालुक्याला दुसऱ्या कुणाकडे नेतो, तिथं रंधा मारून घेतो आणि फुटामागचे पैसे तिकडे देऊन येतो. झाड आपण चिरलं, ओझं आपल्या माणसांनी उचललं आणि शेवटची कमाई तिसऱ्याची. मग मिलवाल्याच्या मनात येतंच की आपणच एक शेड टाकू, दोन मशीन बसवू. विचार बरोबर आहे आणि तो करावाच असं मी सांगेन.

पण मला जे फोन येतात त्यात पहिला प्रश्न कायम एकच असतो, कुठलं मशीन घेऊ, अठरा इंच रुंद फळी रंधणारं की चोवीस इंची. आणि मी दरवेळी उलटं विचारतो, तुमची लाकडं सुकतात कुठं? छिलका, म्हणजे रंध्यातून निघणारी लाकडाची सालपटं, पडणार कुठं? पावसाची झड कुठल्या बाजूनं येते? कारण मशीन आज पैसे भरले की आठवड्याभरात येतं, पण चुकीच्या जागी बांधलेली शेड दहा वर्षं तुम्हाला रोज त्रास देते. आम्ही मशीन आधी आणलं होतं आणि तयार गोडाउनच्या कोपऱ्यात बसवलं होतं. दहा फुटी फळी मशीनमधून निघाली की भिंतीला टेकायची, मग प्रत्येक फळी तिरकी करून बाहेर काढायची. पहिल्या पावसात छिलक्याचा ढीग भिजून काळा पडला, गरम झाला, वास सुटला. सात महिन्यांनी सगळं उचलून नवीन शेडमध्ये नेलं, फाउंडेशनचा खर्च दोनदा झाला. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

आधी कागद, कारण इथं घाई महागात पडते

लाकडाच्या धंद्यावर कायद्याची नजर इतर धंद्यांपेक्षा जास्त आहे. त्यामागं मोठा इतिहास आहे, गोदावर्मन केसमध्ये (जंगलतोडीवरचा खटला) सुप्रीम कोर्टानं १९९६ पासून जे आदेश दिले त्यातून विनापरवाना मिल बंद झाल्या आणि नवीन परवाने राज्यस्तरीय समितीकडे गेले, नंतर २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना आली. त्याचा गाभा असा की गोल लाकूड चिरण्यावर नियंत्रण. रंधा मशीन ओंडका चिरत नाही, चिरलेली फळी साफ करतं. तरीही तुमची शेड परवानाधारक मिलच्या आवारात येणार असेल तर वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, नकाशात शेड दाखवा, मशीनची यादी जोडा आणि पोच घेऊन फाईलला लावा. तोंडी "काय हरकत नाय हो" याच्यावर काँक्रीट ओतू नका. आणि जोडीला री-सॉ (चिरलेला माल पुन्हा चिरायची करवत) किंवा मोठी गोल करवत बसवायचा विचार असेल तर तो विषय वेगळा आहे, ती चिरकामाची मशीन धरली जाते, त्याची परवानगी हातात आल्याशिवाय ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका.

दुसऱ्याचं लाकूड रंध्यासाठी घेणार असाल तर आवक-जावकचं रजिस्टर ठेवा. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, म्हणजे स्वतःच्या बागेतलं झाड तोडलं तरी परवानगी लागते. कुणी रात्री फळ्या आणून टाकल्या आणि त्याच्याकडे कागद नसला तर चौकशी तुमच्या शेडमध्ये होते. माल कुणाचा, कुठल्या गावचा, वाहतुकीचा पास नंबर काय, किती नग, एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात.

बाकी ग्रामपंचायतीची नाहरकत, जमीन बिनशेती आहे का ते, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ती ऑनलाईन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), हे तुमच्या सीएकडून करून घ्या, त्यात मी वेळ घालवत नाही.

जागा आणि लांबीचं गणित

रंधा शेडचं माप मशीनवरून निघत नाही, सगळ्यात लांब फळीवरून निघतं. आमच्याकडे चौकटीचा आणि फळीचा माल साधारण ७ ते १० फूट, वासे १२ फुटापर्यंत. १२ फुटी वासा मशीनच्या अलीकडे पूर्ण मोकळा राहिला पाहिजे आणि पलीकडे पूर्ण बाहेर आला पाहिजे, म्हणजे १२ अधिक १२ अधिक मशीन ४ फूट, झाले २८ फूट, आणि माणसाला दोन्ही टोकाला वळायला ३-३ फूट. म्हणजे ३४ फूट सरळ मोकळी लाईन पाहिजे. जागा कमी असेल तर एक युक्ती आहे, टोकाच्या भिंतीत मशीनच्या टेबलच्या उंचीला एक खिडकी ठेवायची, लांब माल तिच्यातून बाहेर निघतो.

रुंदीला सरफेस प्लेनर (फळी सरळ करणारं मशीन) आणि थिकनेस प्लेनर म्हणजे थिकनेसर (जाडी सारखी करणारं) एकमेकाशेजारी पण तोंडं उलट दिशेला लावा. फळी एका बाजूनं सरफेसवर जाते, पलीकडे निघते, तिथंच दुसरा माणूस ती थिकनेसरला घालतो आणि ती परत पहिल्या बाजूला येते. कुणालाच फळी खांद्यावर घेऊन शेडभर फिरावं लागत नाही. दोन मशीनच्या मध्ये ६ फूट तरी ठेवा. असं धरून ४० बाय २५ फूट शेड छोट्या मिलला पुरते, पण शक्य असेल तर लांबीला आणखी १० फूट वाढवा, तयार मालाला जागा नेहमी कमीच पडते.

शेड बँडसॉच्या जवळ पाहिजे पण चिकटून नको, कारण बँडसॉचा ओला भुसा उडून कोरड्या मालावर बसतो, आणि करवतीचा माल थेट रंध्याला कधीच जाणार नाहीये, तो मध्ये सुकायला जाणार. तर जागेचा क्रम असा, ओंडक्यांचं अंगण, बँडसॉ, सुकवायच्या थप्प्या, मग रंधा शेड, मग तयार माल, आणि तयार मालाच्या तोंडाशी टेम्पो लागायची जागा. एकाच दिशेनं लाकूड पुढं पुढं सरकलं पाहिजे. कागदावर पेन्सिलनं एका फळीचा प्रवास काढा, रेघ जिथं उलटी फिरते तिथं रोज मजुरी वाया जाणार हे समजा.

पाऊस आणि वारा

कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू चिऱ्याची भिंत घालून बंद करा, वर हवेसाठी जाळीचे चिरे किंवा झडपा ठेवा, आणि मोकळी बाजू पूर्वेला. वळचण ४ फूट तरी बाहेर काढा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून खालची थप्पी भिजते. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. आणि लोडिंगच्या बाजूला जोतं टेम्पोच्या हौद्याच्या उंचीला नेता आलं तर फारच छान, माल उचलायचा नाही, नुसता सरकवायचा.

पत्र्याबद्दल मनापासून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या बाजूनं वर गेलं, आणि दोन्ही वेळेला कितीतरी शेडचे पत्रे सुपारीच्या पानासारखे उडाले. पत्रा वरून दाबला जात नाही, वारा आत शिरतो आणि तो खालून उचलतो, आणि सुरुवात होते वळचणीला आणि आढ्याला. म्हणून त्या दोन ओळींना हुक बोल्ट दुप्पट घाला, वॉशर मोठे घ्या, खांब नुसते कोब्यावर बेस प्लेटला न टेकवता फूटिंगमध्ये गाडलेल्या अँकर बोल्टला पकडा. फॅब्रिकेटर म्हणेल एवढं लागत नाही. लागतं.

उंची कडेला १२ फूट, मध्ये १६ फूट ठेवली की उन्हाळ्यात आत उभं राहता येतं. चार-पाच पारदर्शक पत्रे टाका, पण मशीनच्या बरोबर वर नको, दुपारी कटरवर कवडसा पडला की डोळे दिपतात.

कोबा आणि मशीनचं फाउंडेशन

अठरा इंची कास्ट आयर्न थिकनेसर अर्धा टन सहज भरतो आणि कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, मिनिटाला ४००० ते ५००० फेरे फिरतो. हे पातळ कोब्यावर ठेवलं तर थरथर फळीवर उमटते. शेडभर ४ ते ६ इंच काँक्रीट करा, मशीनखाली वेगळा ठोकळा घ्या ९ इंच ते १ फूट खोल, मशीनच्या पायापेक्षा चारी बाजूंनी अर्धा फूट मोठा. बोल्टची भोकं मशीन आल्यावरच घ्या, कॅटलॉगवर विसंबू नका. ठोकळ्यावर पाणी किमान सात दिवस मारा. मधल्या काळात इलेक्ट्रिशियनला बोलवा, म्हणजे वेळ जाणार नाही.

कोबा ओतायच्या आधीच दोन पाईप टाकून ठेवा, एक केबलसाठी आणि एक रिकामा पुढच्या कामासाठी. फरशी गुळगुळीत नको, झाडूनं हलकी खरवडून घ्या, कारण छिलक्यावरून पाय सरकतो आणि समोर फिरतं पातं असतं.

लाईट

थ्री फेज औद्योगिक कनेक्शन लागणार. ढोबळ हिशोब, थ्री फेजवर एका एचपीला दीड अँपियर. सरफेस ३ एचपी, थिकनेसर ७.५ एचपी, डस्ट कलेक्टर (छिलका-भुसा ओढणारा पंखा) ३ एचपी, झाले साडेतेरा एचपी, म्हणजे १० किलोवॅट, वीसेक अँपियर. त्यावर पुढची वाढ धरून मंजूर भार मागा. महावितरणकडे अर्ज शेड बांधायला घेतानाच टाका, ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर महिने जातात.

साडेसात एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर घ्या, तो सुरू होताना मोटरला कमी करंट देतो. प्रत्येक मोटरला सिंगल फेज प्रिव्हेंटर पाहिजेच, कारण पावसाळ्यात एक फेज उडणं हे आमच्याकडे रोजचं, आणि दोन फेजवर फिरणारी मोटर काही मिनिटांत जळते. स्टार्टर असा पाहिजे की लाईट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही. लाईट गेली म्हणून माणूस पात्यावरचा छिलका काढायला हात घालतो आणि त्याच क्षणी लाईट येते, हे अपघात नुसते साध्या स्विचमुळे होतात. मशीन झटक्यात बंद करायचं लाल मशरूम बटन मांडीच्या उंचीला, हात न लावता गुडघ्यानं दाबता येईल असं. प्रत्येक मोटरला दोन अर्थिंग, आणि मोटर पूर्ण बंद बॉडीची, नाहीतर भुसा आत जाऊन बसतो.

जुन्या चोकच्या ट्यूबलाईट मशीनवर लावू नका. त्या एसी करंटच्या लयीत लुकलुकतात आणि कधीकधी फिरता कटर थांबल्यासारखा दिसतो. चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी घ्या आणि वेगवेगळ्या फेजवर वाटून लावा.

छिलका, ज्याचा विचार कुणी करत नाही

एक घनफूट घट्ट लाकूड छिललं की सैल छिलका साधारण ६ ते ८ घनफूट होतो. दिवसाला ३० घनफूट माल रंधला आणि त्यातला पाचवा भाग छिलला गेला तर ६ घनफूट लाकूड, म्हणजे चाळीस-पन्नास घनफूट छिलका. रोज. आठवड्यात एक छोटी खोली भरते. म्हणून शेडला लागूनच पण वेगळ्या भिंतीची, छप्पर असलेली छिलका खोली बांधा, ८ बाय १० ची, टेम्पो मागं लावता येईल असं दार ठेवून. कोरडा छिलका पोल्ट्रीवाले अंथरायला नेतात, काजू बॉयलरवाले आणि वीटभट्टीवाले भुसा नेतात, पण भिजलेला कुणी हात लावत नाही. पोल्ट्रीला देताना विचारून द्या, केमिकल मारलेल्या लाकडाचा किंवा प्लायचा छिलका त्यात मिसळू देऊ नका.

डस्ट कलेक्टर घेताना नुसतं एचपी बघू नका. पाईपमध्ये हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास राहिला तर छिलका पुढं जातो, त्याखाली आला की पाईपमध्येच बसतो आणि चोकअप. ६ इंची पाईपला एवढ्या वेगासाठी तासाला साधारण १३०० घनमीटर हवा लागते, ४ इंचीला ५८० च्या आसपास. विक्रेत्याला हा आकडा विचारा, आणि पिशवी लावलेल्या अवस्थेतला विचारा. मेन लाईन पत्र्याची गोल पाईप, वळणं कमी आणि मोठ्या गोलाईची, लवचिक नळी फक्त मशीनजवळ दोन-तीन फूट, कारण तिच्या आतल्या वळ्या हवा अडवतात. प्रत्येक मशीनला सरकती झडप, जे मशीन चालू त्याचीच उघडी.

हा खर्च लोक टाळतात आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं. लाकडाची धूळ ही नाकाच्या आतल्या कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच जाहीर केलंय, पहिल्या गटात टाकलंय तिला. गमछा बांधून बारीक धूळ अडत नाही. एन९५ मास्कचा डबा शेडमध्ये ठेवा, कानाला मफ ठेवा, रंधा मशीनचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि कान एकदा गेले की परत येत नाहीत. आमच्या आप्पांना आता मागून हाक मारली तर ऐकू येत नाही, चाळीस वर्षं करवतीशेजारी काढली त्यांनी.

शेडमध्ये बिडी, सिगारेट, वेल्डिंग बंद. वेल्डिंग करायचंच तर सकाळी, मशीन बंद, जागा झाडून, पाणी शिंपडून, आणि नंतर दोन तास कुणीतरी तिथं थांबायचं. छिलक्यात ठिणगी लगेच दिसत नाही, आत धुमसत राहते. वाळूच्या बादल्या, आग विझवायचा एक एबीसी सिलेंडर आणि नळाला कायम जोडलेला पाईप.

सुकवणं, ज्याशिवाय रंधा वाया

ओली फळी रंधून दिली तर ती गिऱ्हाईकाच्या घरात जाऊन आखडते, वाकते, आणि नाव तुमचं खराब होतं. जुलैत आमच्या हवेत उघड्या शेडमधलं लाकूड १७-१८ टक्के ओलीवर स्थिर होतं, पावसाळाभर ठेवलं तरी त्याखाली जात नाही. तीच फळी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एप्रिलच्या कोरड्या हवेत ७-८ टक्क्यांपर्यंत उतरते. सागाची ६ इंची सपाट चिरलेली फळी एवढ्या फरकात ३ मिमी, म्हणजे एक सूत आखडते. दहा फळ्यांचं दार असेल तर दहा सूत, सव्वा इंच. फटी पडणारच.

थप्पीची पद्धत अशी. खाली चिऱ्याचे ठोकळे, जमिनीपासून दीड फूट. त्यावर सरळ बत्ते. मग फळ्यांचा थर, दोन फळ्यांत बोटभर अंतर, वर १ बाय १ इंचाच्या कोरड्या पट्ट्या दर दीड-दोन फुटाला, आणि प्रत्येक थराच्या पट्ट्या खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्टी इकडंतिकडं झाली की फळी तिथंच वाकते. पट्ट्या सगळ्या एकाच जाडीच्या करा, हे तुमच्या थिकनेसरचं पहिलं काम. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, टोकातून ओल झपाट्यानं जाते म्हणून टोकं तडकतात. वर वजन ठेवा. नोव्हेंबरात थप्पी लावली तर इंची फळी एप्रिलपर्यंत रंध्याला तयार होते, दोन इंची मालाला पुढचा हंगाम धरा. आंब्याला मात्र चिरल्या दिवशीच थप्पीत घाला, एक दिवस ढिगात पडला तरी निळी बुरशी आणि भुंगा लागतो.

ओलीचं मीटर घ्या, आणि ते खरं बोलतंय का हे वर्षातून एकदा वजनानं तपासा. फळीच्या मधला छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ डिग्रीला वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा, परत वजन करा. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले शंभर. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅम झाला तर ओल २० टक्के.

आता मशीन

छोट्या मिलला दोन मशीन लागतात, आणि इथं बरेच जण एकच घेतात ते म्हणजे थिकनेसर. थिकनेसर फळीची जाडी सारखी करतो, फळी सरळ करत नाही. वाकडी फळी घातली की रोलर तिला दाबून सपाट करतात, पातं वरचं छिलतं, आणि बाहेर आली की ती परत वाकडीच, फक्त गुळगुळीत वाकडी. सरळपणा सरफेस प्लेनरवर येतो. आधी सरफेसवर एक तोंड आणि एक कड गुण्यात काढायची, मग ते सरळ तोंड खाली ठेवून थिकनेसर. बजेट कमी असेल तर सरफेस-कम-थिकनेस जोड मशीन चालेल, पण एका वेळी एकच काम होतं. चार बाजू एकदम रंधणारं मोल्डर मशीन नुसत्या पट्ट्या-फ्लोरिंगचं रोजचं काम असेल तरच.

सरफेसचं टेबल लांब घ्या, १२ इंच रुंद आणि ६-७ फूट लांब असेल तर उत्तम. जुनं मशीन घेत असाल तर कटर ब्लॉक बघा, चौकोनी असेल तर घेऊच नका, त्याच्या खाचेत बोट आत ओढलं जातं, गोल ब्लॉकच पाहिजे. बेअरिंग हातानं फिरवून ऐका, टेबलवर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा.

बसवताना आधी पाणसळ, मग बेल्टची लाईन, मग पाती. पाती लावायची जुनी आणि खात्रीची पद्धत सांगतो. मेन स्विच काढून खिशात. एक सरळ रंधलेली लाकडी पट्टी सरफेसच्या मागच्या टेबलवर (जिकडून फळी बाहेर पडते) ठेवा, तिच्यावर पेन्सिलची खूण करा, ब्लॉक हातानं हळू फिरवा. पातं पट्टीला किंचित पुढं ओढतं, ३ मिमी म्हणा. प्रत्येक पातं, दोन्ही टोकाला, तेवढंच ओढलं पाहिजे. एक ३ आणि दुसरं ६ ओढत असेल तर एकच पातं काम करतंय. पातं ब्लॉकच्या बाहेर १ मिमीच. मागचं टेबल पात्याच्या सगळ्यात वरच्या बिंदूच्या बरोबरीला. टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेपटाला खड्डा पडतो, वर राहिलं तर फळी टेबलच्या ओठाला अडते.

फळीवर लाटा का दिसतात याचं गणित सोपं आहे. मिनिटाला ८ मीटर फळी सरकते आणि ब्लॉक ५००० फेरे, पाती चार आणि चारही सारखी, तर दोन खुणांत ०.४ मिमी, हाताला लागत नाही. पण एकच पातं पुढं असेल तर तेच अंतर १.६ मिमी, पॉलिश मारलं की लगेच दिसतं. म्हणून नवीन मशीन घेण्याआधी पाती नीट लावा.

लाकडाप्रमाणं पातं. सागात सिलिका असते, धार लवकर मारते. ऐन आणि फणसाचा रेषा उलटसुलट, तिथं अर्धा मिमीचाच कट, वेग कमी आणि धार ताजी, नाहीतर लचके निघतात. शिवण लोण्यासारखी रंधते. पात्यांचे तीन संच ठेवा, एक मशीनवर, एक धारेला, एक तयार. आणि बांधावरचं झाड असेल तर प्रत्येक फळी हातातल्या मेटल डिटेक्टरखालून काढा, कुंपणाची तार आणि खिळे आतच असतात, एका खिळ्यात सगळ्या पात्यांना खाच पडते.

हातमोजे घालून रंधा मशीन चालवायचं नाही, कधीच नाही, मोजा अडकला की हात आत. एक फुटापेक्षा लहान तुकडा सरफेसवर हातानं नाही. ढकलायला दोन लाकडी ठोकळे मशीनलाच टांगून ठेवा. थिकनेसरला पुढच्या-मागच्या रोलरच्या अंतरापेक्षा आखूड तुकडा घालू नका आणि त्याच्या तोंडासमोर सरळ रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.

पैसे कसे लावायचे

भांडणं होतात ती मापावरून. ६ इंच रुंद, १ इंच जाड, १० फूट लांब फळी, ६ गुणिले १ गुणिले १० भागिले १४४, म्हणजे ०.४१७ घनफूट. रंधून ती पावणेसहा इंच रुंद आणि साडेसहा सूत जाड राहते, तीच ०.३२४ घनफूट. बावीस टक्के लाकूड छिलक्यात गेलं. गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतो आणि म्हणतो माल कमी दिला. म्हणून दरपत्रकावरच लिहा की माल करवतीच्या मापानं मोजला जाईल आणि रंध्याचं तयार माप किती मिळेल, आणि त्याच्यासमोर मोजून सही घ्या. स्वतःसाठीच चिरत असाल तर बँडसॉवरच इंची फळी सव्वा इंच चिरा, म्हणजे सुकून-रंधून पूर्ण इंच देता येते, त्याला दर चांगला मिळतो.

दर ठरवताना पात्याची धार, लाईट बिल, दोन माणसं आणि छिलका उचलायची मजुरी धरा. दुसऱ्याचं ओलं लाकूड रंधायला आलं तर मीटर लावून आकडा बिलावर टाका, मग सहा महिन्यांनी वाकलं तरी बोलणं होत नाही.

चाचणी मोठ्या ऑर्डरवर घेऊ नका. पहिला आठवडा घरच्याच आंब्याच्या फळ्या घ्या, थप्पीच्या पट्ट्या काढा, बेल्ट सैल होतो तो ताणा, फाउंडेशनचे नट परत आवळा, पाईप कुठं चोक होतो ते बघा. आणि शेड शक्यतो फेब्रुवारीत उभी करा, म्हणजे पहिली सर यायच्या आधी एक दिवस पाण्याचा पाईप घेऊन छपरावर मारता येतो. गळतं कुठं ते खडूनं कोब्यावर खूण करून ठेवा, आमच्याकडे अशा अकरा खुणा निघाल्या आणि त्यातल्या दोन बरोबर स्टार्टरच्या डोक्यावर होत्या.